नख अडकलं तिथे

चाकणच्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. आम्ही पोलादी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या पोकळ नळ्या, बनवतो. मागच्या पावसाळ्यात एका लॉटला आतल्या कडेवर बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक खरखरीत धार, राहिला. डोळ्यांना दिसायचा नाही, पण कडेवरून नख फिरवलं की अडकायचं. ग्राहकाने अख्खा लॉट परत पाठवला. दोन दिवस बसून आम्ही एकेक नग साफ केला आणि अहवालात मी लिहिलं, 'वी हॅव इम्प्रूव्ह्ड द पार्ट्स'.

संध्याकाळीच मेल आला : म्हणजे आधीचे पार्ट बरोबर होते का?

ते मला फार लागलं, कारण लपवायचं काहीच नव्हतं. पण 'इम्प्रूव्ह' म्हटलं की आधी चूक होती असं ठरत नाही. चांगलं होतं, आणखी चांगलं केलं, असाही अर्थ निघतो. या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला 'नफा' आहे. जमिनीतून जास्त उत्पन्न काढणं यासाठी तो पूर्वी वापरत. 'एनहान्स' तर त्याहून लांबचा. त्याच्या पोटात लॅटिन 'आल्तुस', म्हणजे उंच. चव, चमक, क्षमता अशा असलेल्या गुणाला तो वर उचलतो. चुकलेल्या नगाला तो लावूच नये.

मला हवा होता 'रेक्टिफाय' किंवा साधा 'करेक्ट'. 'अमेंड' लिखाणासाठी : करार, कायदा, राज्यघटना. त्यात लॅटिन 'मेंडा', दोष, आहे. 1951 सालच्या पहिल्या 'अमेंडमेंट'ला आपण घटनादुरुस्ती म्हणतो, ते मला नेमकं वाटतं.

गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ 9001 मध्येही हा फरक आहे. हातातला नग नीट करणं म्हणजे 'करेक्शन'. दोषाचं कारण काढणं म्हणजे 'करेक्टिव्ह ॲक्शन'. 2015 च्या आवृत्तीत हे दोन्ही ज्या दहाव्या कलमात येतं, त्याचं शीर्षक मात्र 'इम्प्रूव्हमेंट'. माझा घोळ तिथूनच सुरू झाला.

अहवाल पुन्हा लिहायच्या आधी मशीनवरच्या काकांकडे गेले.

"काका, नक्की काय काय केलंत?"

"बर काढला, ती दुरुस्ती. मशीनचा कापणारा इन्सर्ट झिजला होता, आता तो ठरलेल्या नगांनंतर बदलतो. सुधारणा म्हणायचीच तर ही म्हणा, मॅडम."

मी तसंच लिहिलं. पहिल्या ओळीत 'करेक्टेड', दुसऱ्या ओळीत इन्सर्ट. 'इम्प्रूव्ह्ड' कुठेच नाही.