तीन वर्षं राहून गेलेला स्टेंट

रात्री साडेअकराला बाई कॅज्युअल्टीत आल्या. ताप 39.4 अंश, नाडी 124, रक्तदाब 84/50, डोळे पिवळेजर्द. बरगडीखाली उजवीकडे हात लावू देईनात, आणि विचारलेलं एक तर उत्तर भलतंच. थंडी वाजून ताप, कावीळ, पोटदुखी या तिघांच्या जोडीला रक्तदाब घसरला आणि भान सुटू लागलं, की पित्तनलिकेत जंतूंनी भरलेलं पित्त दाबाखाली कोंडलंय असंच धरून चालायचं.

डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन 9.8, त्यातलं डायरेक्ट (यकृताने जोडणी करून पित्तात सोडायला तयार केलेलं) 7.6. पित्तमार्ग तुंबला की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज 640, यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एसजीपीटी जेमतेम 150. हे आकडे अडथळ्याच्या काविळीचे. विषाणूच्या हिपॅटायटिसमध्ये एसजीपीटी सहसा हजारांत जातं. आयएनआर 2.1, म्हणजे रक्त गोठायला उशीर. सोनोग्राफीत पित्तनलिका 16 मिलिमीटर रुंद आणि आत दोन समांतर पांढऱ्या रेघा.

त्या रेघा पाहून मुलाला विचारलं. तीन वर्षांपूर्वी पित्तनलिकेतल्या खड्यासाठी दुर्बिणीतून नळी, म्हणजे स्टेंट, बसवली होती. "त्रास थांबला म्हणून परत गेलोच नाही."

प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांचा पाहुणा. आतून जंतूंचा थर धरतो, त्यांची विकरं बिलिरुबिनची जोडणी तोडतात, ते कॅल्शियमशी मिळून गाळ बनतं आणि पोकळी बुजते. वर्षं गेली की बाहेरूनही खडा चढतो.

ब्लड कल्चर घेऊन लगेच पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम 4.5 ग्रॅम, सलाइन, रक्तदाब टिकवणारं नॉरअ‍ॅड्रिनलिन, व्हिटॅमिन के 10 मिलिग्रॅम शिरेतून सावकाश. पण तुंबलेल्या नलिकेत अँटिबायोटिक नीट उतरत नाही, आणि दाब वाढला की जंतू उलटे रक्तात शिरतात. निचरा त्याच रात्री हवा होता. भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घातली आणि ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत शिरणं, सुरू केली.

ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) स्टेंटचं काळपट टोक दिसत होतं. फोर्सेप्सने धरून ओढायचा मोह अशा वेळी सगळ्यांनाच होतो. वरच्या टोकाला खडा असला तर स्टेंट तुटतो, नाहीतर खडा नलिकेच्या तोंडाशी अडकून उरलासुरला निचराही बंद पाडतो. म्हणून जुना तसाच ठेवून त्याच्या कडेने गाइडवायर (वाट दाखवणारी बारीक तार) वर सरकवली. आधीच्या वेळी नलिकेचं तोंड कापलेलं असल्याने ती सहज गेली; नवीन छेद या आयएनआरला द्यायचाच नव्हता. एक्स-रेत दिसणारा डाय सोडण्याआधी पित्त ओढून घेतलं. साधारण 15 मिलिलिटर, पू मिसळलेलं. आधीच भरलेल्या नलिकेत डाय रेटला तर जंतू आपणच रक्तात ढकलतो. मग 7 फ्रेंच जाडीचा डबल पिगटेल (दोन्ही टोकं वळलेला नवा स्टेंट) बसवून थांबलो. खड्याला हात लावला नाही.

पहाटेपर्यंत नॉरअ‍ॅड्रिनलिन निम्म्यावर आलं. तिसऱ्या दिवशी आयएनआर 1.2 झाला. म्हणजे यकृत शाबूत होतं. पित्त आतड्यात न पोचल्याने व्हिटॅमिन के शोषलं जात नव्हतं, एवढंच.

तीन आठवड्यांनी आधी नवा स्टेंट काढला, तोंड 12 मिलिमीटरच्या बलूनने रुंदावलं, बास्केटमध्ये खडा चिरडला आणि जुना स्टेंट स्नेअरने (तारेच्या फासाने) काढला. वरच्या टोकाला तपकिरी गोळा घट्ट चिकटलेला. नलिका पूर्ण साफ झाल्याचं बलून फुगवून केलेल्या कोलँजिओग्राममध्ये (डाय सोडून काढलेल्या नलिकेच्या एक्स-रेत) पाहिलं, म्हणून या वेळी आत काही ठेवलं नाही.