तिसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकचं प्लेबुक

सप्टेंबर 2018 मध्ये अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या क्लेमसन विद्यापीठाचे कोच डाबो स्विनी यांनी ट्रेव्हर लॉरेन्स या फ्रेशमनला (पहिल्या वर्षाच्या मुलाला) स्टार्टर क्वार्टरबॅक, म्हणजे दर प्लेला चेंडू हातात घेऊन हल्ला चालवणारा, केलं आणि आधीचा स्टार्टर केली ब्रायंट लगेच संघ सोडून गेला. ब्रायंटचं गणित साफ होतं. त्याच वर्षी रेडशर्टचा, म्हणजे पात्रतेचं वर्ष राखून ठेवण्याचा, नियम बदलला होता: चार सामन्यांपर्यंत खेळलात तर पात्रतेचं वर्ष मोजलं जात नाही. त्याचे चार झाले होते. पुढच्याच सामन्यात, 29 सप्टेंबरला सिराक्यूजविरुद्ध, लॉरेन्स पहिल्या हाफमध्ये जखमी झाला. उरला चेस ब्राइस. चौथ्या क्वार्टरमध्ये क्लेमसन 23-20 ने मागे, आणि चेंडू स्वतःच्याच 6 यार्ड लाईनवर.

समोरच्या टोकापर्यंतचा तो 94 यार्डांचा ड्राइव्ह आजही बघण्यासारखा आहे, पण बघताना नजर ब्राइसवर नको, लाईनवर, म्हणजे पुढे ब्लॉक करणाऱ्या पाच जणांवर, ठेवा. चेंडू पुन्हापुन्हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) ट्रॅव्हिस एटिएनच्या हातात जातो. ब्राइसला खरा जोखमीचा पास एकदाच टाकावा लागला: चौथा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), 6 यार्ड हवे, रिसीव्हर टी हिगिन्सला 20 यार्डांचा. लगेच पुढच्या प्लेला सगळा डिफेन्स एटिएनवर तुटून पडला, तेव्हा ब्राइसने चेंडू स्वतःकडे ठेवून 17 यार्ड काढले. 41 सेकंद उरले असताना एटिएनचा टचडाउन. 27-23. क्लेमसन त्या हंगामात 15-0 राहिलं.

क्वार्टरबॅकची डेप्थ म्हणजे यादीत नावं किती, असं बहुतेक चाहते समजतात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: पहिला बाहेर गेला की प्लेबुकमधलं, म्हणजे चालींच्या वहीतलं, काय काय शिल्लक राहतं?

झोन रीड ही चेंडू घेऊन पळायची चाल घ्या. क्यूबी (क्वार्टरबॅक) स्नॅपपासून, म्हणजे चेंडू त्याच्याकडे मागे दिला जातो तिथून, पाच यार्ड मागे, रनिंग बॅक त्याच्या बाजूला. लाईनचे पाचही जण उजवीकडे सरकत ब्लॉक करतात आणि डाव्या टोकाचा डिफेन्सिव्ह एंड मुद्दाम मोकळा सोडतात. क्यूबी चेंडू बॅकच्या पोटाशी धरतो, पण डोळे त्या एंडच्या खांद्यांवर. खांदे आत वळले, म्हणजे तो बॅकच्या मागे निघाला. चेंडू काढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून पळायचं. खांदे समोर राहिले तर चेंडू देऊन टाकायचा. एकही ब्लॉक खर्च न करता एक माणूस बाद.

नवखा क्यूबी आला की डिफेन्स सगळ्यात आधी यावरच स्क्रेप नावाची युक्ती टाकतो. एंड मुद्दाम आत झेपावतो आणि लाईनबॅकर (डिफेन्सच्या लाईनमागचा खेळाडू) त्याच्या मागून वळसा घेऊन बाहेर येतो. क्यूबी शिकवल्याप्रमाणे चेंडू ठेवतो आणि सरळ लाईनबॅकरच्या तावडीत सापडतो. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही, त्याने वाचलं बरोबरच होतं. उपाय साइडलाईनवरून करावा लागतो. रीड बंद करायचा, चेंडू बॅकलाच जाणार हे आधी ठरवायचं, आणि आपल्या टाइट एंडला (ब्लॉक आणि झेल दोन्ही करणाऱ्याला) लाईनच्या मागून उलट्या दिशेने आणून त्या डिफेन्सिव्ह एंडला ब्लॉक करायचं. दिसायला तोच प्ले, पण निर्णय क्यूबीच्या डोक्यावरून उतरला. अशा आठ-दहा प्लेंनंतर एकदा खरोखर ठेवायला सांगायचं. ब्राइसचे ते 17 यार्ड मी याच खात्यात धरतो.

पासिंगमध्ये हॅश विसरू नका, म्हणजे मैदानावरच्या त्या दोन खुणा ज्यांच्या दरम्यानच प्रत्येक प्ले सुरू होतो. कॉलेजच्या मैदानाची रुंदी 160 फूट, आणि दोन हॅशमधलं अंतर 40 फूट. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तेच साडेअठरा फूट. चेंडू एका हॅशवर असेल तर एका बाजूला 60 फूट आणि दुसऱ्या बाजूला तब्बल 100 फूट. दहा यार्डांचा आउट रूट (रिसीव्हर पुढे पळून साइडलाईनकडे वळतो) रुंद बाजूला टाकायचा तर चेंडू हवेत सुमारे 34 यार्ड जातो, अरुंद बाजूला सुमारे 23. त्या जादा अकरा यार्डांत कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा डिफेंडर) चेंडू पळवतो. म्हणून बॅकअपला आउट फक्त अरुंद बाजूला द्यावा. रुंद बाजूला बबल स्क्रीन (बाजूच्या रिसीव्हरला लगेच टाकलेला छोटा पास), म्हणजे चेंडू कमी आणि रिसीव्हर जास्त धावेल.

आरपीओ, म्हणजे पळायचं की पास टाकायचा हे क्यूबी स्नॅपनंतर ठरवतो ते प्ले, ठेवावेत, पण मोजके. कॉलेजमध्ये पास प्लेला लाईनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. आरपीओ कॉलेजात इतके फोफावले त्यामागे हे मोठं कारण. घोळ असा होतो, की बॅकअप अर्धा सेकंद जास्त विचार करतो, तोवर गार्ड (लाईनमनपैकी एक) चौथ्या यार्डावर पोचलेला असतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. फ्लॅग गार्डवर, चूक क्यूबीची.

2024 पासून क्यूबीच्या हेल्मेटमध्ये कोचचा रेडिओ आला. प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की तो बंद होतो, आणि चलाख डिफेन्स आपली खरी मांडणी तिथून पुढे दाखवतो. त्यामुळे एकाच कॉलमध्ये दोन प्ले द्यावेत, एक संकेत दिला की पहिला रद्द आणि दुसरा चालू. याहून जास्त निवड बॅकअपला देऊ नये.

आता हे सगळं चालायला लाईन, बॅक आणि रिसीव्हर आपल्या भागातले हवेत, आणि इथे भूगोल येतो. लुइझियानात मोठ्या कॉन्फरन्समधलं (विद्यापीठांच्या लीगमधलं) विद्यापीठ एकच, एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट. टेक्सासचा मुलगा घराजवळच्या चार-पाच मोठ्या संघांतून निवडू शकतो, लुइझियानाच्या मुलाला घरचा असा संघ एकच. 2019 चा एलएसयू बघा: जामार चेस आणि जस्टिन जेफरसन न्यू ऑर्लिन्सच्या आसपासचे, क्लाइड एडवर्ड्स-हिलेअर तर एलएसयूच्या बॅटन रूज शहरातलाच. आणि क्वार्टरबॅक जो बरो? ओहायोतला, ओहायो स्टेटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर राहिलेला. पदवी पूर्ण करून 2018 मध्ये तो आला आणि पाठोपाठ एलएसयूचे दोन क्वार्टरबॅक निघून गेले. उरला एकटा माइल्स ब्रेनन. पुढच्या हंगामात बरोचे 60 टचडाउन पास, हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणि 15-0. त्याचा घोटा मुरगळला असता तर हा इतिहास वेगळा असता, हे कुणी फारसं बोलत नाही. (एटिएनही लुइझियानातल्या जेनिंग्सचा. एलएसयूच्या कुंपणाला तिथे भोक पडलं.)

मायामी विद्यापीठात कोच हॉवर्ड श्नेलेनबर्गर यांनी 1979 नंतर हेच केलं होतं. दक्षिण फ्लोरिडाभोवती रेघ मारून तिला ‘स्टेट ऑफ मायामी’ म्हटलं आणि वेगवान पोरं तिथूनच उचलली; क्वार्टरबॅक मात्र बाहेरचे, जिम केली पेनसिल्व्हेनियाचा, बर्नी कोसार ओहायोचा. संघाला रिसीव्हर सहा-सात लागतात, लाईनमन पंधरा. ते गाडीने गाठता येतील अशा अंतरातून आणणं परवडतं. मैदानावर क्वार्टरबॅक एकच असतो, त्याच्यासाठी हवाई बेटांपर्यंत जाता येतं. अलाबामा टुआ टॅगोवायलोआसाठी गेलंच.

टेक्सासचे क्यूबी तयार का वाटतात? उन्हाळ्यातले सेव्हन-ऑन-सेव्हन (सात विरुद्ध सात, फक्त पासिंगचे) सामने हे एक कारण. डिफेन्स रिसीव्हरना कसा अडवतोय ते कव्हरेज वाचायची सवय तिथे लवकर लागते. पण तिथे लाईन नसते, अंगावर कुणी येत नाही, आणि त्यामुळे पॉकेटमधली (लाईनच्या आडोशातली) पावलं कच्ची राहतात. असा मुलगा तिसऱ्या नंबरवर असेल तर त्याला स्काउट टीमवर (सरावात प्रतिस्पर्धी बनणाऱ्या संघात) आपल्याच पहिल्या डिफेन्ससमोर रोज उभं करणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

2023 ची फ्लोरिडा स्टेट याच मुद्द्याची दुसरी बाजू आहे. पहिला क्यूबी जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला, दुसरा टेट रोडमेकर जखमी झाला, आणि एसीसी या त्यांच्या कॉन्फरन्सच्या फायनलला फ्रेशमन ब्रॉक ग्लेन उतरला. कधी चेंडू थेट रनिंग बॅककडे स्नॅप केला, बाकी भार डिफेन्सने उचलला: लुइव्हिलवर 16-6. 13-0 असूनही निवड समितीने ट्रॅव्हिस नसल्याचं कारण देत त्यांना राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफबाहेर ठेवलं. मग ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने 63-3 ने धुतलं, आणि ‘बघा, समिती बरोबर होती’ म्हणणारे उगवले. त्या दिवशी फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी मुख्य खेळाडू मैदानात उतरलेच नव्हते, हे ते सोयीस्करपणे गाळतात.