बाबांची वही आणि मिशिगनची तिरंगी लढत

"राज्यपालाची कसली गं निवडणूक? तो तर दिल्लीतनं येतो."

रविवारच्या फोनवर बाबांनी हे विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकोणीस वर्षं मी त्यांना चुकीचा शब्द सांगत आले. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल असं शाळेत शिकलो आणि तेच डोक्यात राहिलं. मी राहते त्या अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०२६ ला गव्हर्नरची निवडणूक आहे, आणि इथला गव्हर्नर हा खरा आपला मुख्यमंत्री. फरक इतकाच की त्याला लोक थेट निवडून देतात आणि आमदार फोडून त्याला खाली खेचता येत नाही. एवढं सांगितल्यावर बाबांचा आवाज बदलला. "मग सांग की. कोण कोण उभं आहे?"

आज लिहायला बसले त्याचं कारण तो प्रश्न, आणि त्याच्या आदल्या मंगळवारी घडलेली गोष्ट. ४ नोव्हेंबर २०२५ ला मी आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत मत दिलं. गावच्या कौन्सिलची निवडणूक होती, गर्दी नव्हती. टेबलामागच्या सत्तरीच्या बाईंनी माझं ओळखपत्र पाहिलं, यादीत नाव शोधलं आणि विचारलं, "पहिल्यांदा?" मी हो म्हटलं, तर त्या उठून उभ्या राहिल्या आणि शेजारच्या दोघांना हाक मारून म्हणाल्या, ही आज पहिल्यांदा मत देतेय. तिघांनीही टाळ्या वाजवल्या. कागदी मतपत्रिकेवरचे गोल पेनाने काळे करताना माझा हात थरथरत होता. बाहेर गाडीत येऊन मी पहिल्यांदा डाव्या हाताची तर्जनी पाहिली. शाई नव्हती. मग मात्र रडू आवरलं नाही.

बेळगावच्या यादीत आता माझं नाव नाही. वसंत ऋतूत शपथ घेतली त्या दिवशी भारताचा पासपोर्ट संपला. इथे काही जण फार सहज म्हणतात, "आपल्याला काय करायचंय यांच्या राजकारणाशी, आपण आपली नोकरी करावी." मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही. मुलगी इथल्या सरकारी शाळेत जाते, नवऱ्याची नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, दर मार्चमध्ये बर्फ वितळला की इथल्या रस्त्यांच्या खड्ड्यांत आमचेच टायर फुटतात. एवढं असताना गप्प बसायचं असतं तर नागरिकत्व घ्यायचं कशाला? मी ते सोयीसाठी घेतलं नाही, हे मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

तर बाबांची वही. शहापुरातल्या आमच्या घरी प्रत्येक निवडणुकीआधी बाबा एका लांबट वहीत तक्ता आखायचे: मतदारसंघ, उमेदवार, मागच्या वेळची मतं, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाने अंदाज, तारीख घालून. निकालानंतर चूक झाली तरी खाडाखोड करायची नाही, हा नियम. गेल्या आठवड्यात मीही तशीच वही आणली.

पहिली गोष्ट बाबांना सांगितली ती ही की सध्याच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर उभ्या राहू शकत नाहीत. मिशिगनच्या घटनेत १९९२ पासून नियम आहे: आयुष्यात दोन कार्यकाळ, बस. त्या २०१८ ला आणि २०२२ ला निवडून आल्या, १ जानेवारी २०२७ ला घरी जाणार. "आणि जातात?" बाबांनी विचारलं. जातात.

डेमोक्रॅट पक्षात नोव्हेंबर २०२५ पर्यंत उतरलेल्या तिघांची नावं मी लिहिली आहेत. जोसेलिन बेन्सन, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट. गार्लिन गिलख्रिस्ट, लेफ्टनंट म्हणजे उपगव्हर्नर, मूळचे सॉफ्टवेअर इंजिनीअर. आणि फ्लिंटकडचे शेरीफ, म्हणजे काउंटीचे (जिल्ह्याचे) पोलीसप्रमुख, ख्रिस स्वान्सन, २०२० मध्ये निदर्शकांसमोर हेल्मेट काढून त्यांच्याबरोबर चालत गेलेले. मला मनापासून आवडलेला माणूस हा तिसरा, पण वहीत आवड लिहायची नसते. तिकीट बेन्सनना मिळेल.

रिपब्लिकनांत गर्दी जास्त. माजी ॲटर्नी जनरल माइक कॉक्स, राज्याच्या सिनेटमधले पक्षनेते एरिक नेसबिट, विधानसभेचे माजी स्पीकर टॉम लिओनार्ड, आणि काँग्रेसमन जॉन जेम्स. जेम्स लष्करात हेलिकॉप्टर चालवायचे, इराकमध्ये होते. २०१८ ला अमेरिकेच्या सिनेटची निवडणूक हरले, २०२० ला पुन्हा हरले, मग २०२२ ला मॅकॉम्ब काउंटीच्या भागातून जेमतेम सोळाशे मतांनी काँग्रेसमध्ये गेले. दोनदा पडूनही नाव घराघरात पोचलं की तिसऱ्यांदा तेच नाव कामाला येतं, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिकीट जेम्सना.

"तिकीट कोण देतं?" बाबांचा पुढचा प्रश्न. इथे मला थांबावंच लागेल, कारण या देशातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली ती हीच आहे. तिकीट मी देते. ४ ऑगस्ट २०२६ ला प्रायमरी आहे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान. मिशिगनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. तुम्ही मतदानाच्या आडोशाला उभं राहून ठरवायचं की या वेळी कुठल्या रकान्यात मत द्यायचं. एकाच रकान्यात द्यायचं, दोन्हीकडे दिलंत तर त्या भागातली मतं बाद. कुठला रकाना निवडला हे कुणाला कळत नाही. म्हणजे ज्या पक्षाला मी नोव्हेंबरमध्ये मत देणार नाही, त्याचाही उमेदवार ठरवायला मदत करू शकते.

आपल्याकडे काय होतं ते आठवा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एबी फॉर्मची वाट पाहत बसलेला कार्यकर्ता मी स्वतः पाहिला आहे. पंधरा वर्षं घरोघर फिरलेला माणूस, आणि फॉर्म मिळाला आदल्या रात्री पक्षात आलेल्याला. त्याच्या बायकोने ओवाळणीची तयारी करून ठेवली होती. तो प्रसंग मला अजून विसरता येत नाही. इथे त्या माणसाला पक्षश्रेष्ठींच्या दारात बसावं लागलं नसतं. पंधरा हजार मतदारांच्या सह्या गोळा कर आणि लोकांसमोर जा, एवढंच. त्या सह्यांचीही कसून तपासणी होते. २०२२ ला रिपब्लिकन पक्षाचे दहापैकी पाच इच्छुक मतपत्रिकेवर येण्याआधीच बाद झाले, कारण पैसे देऊन सह्या गोळा करायला लावलेल्या लोकांनी हजारो सह्या खोट्या केल्या होत्या. त्यात डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुखही होते, आणि ते आघाडीचे इच्छुक मानले जात होते. तरी गेले.

बाबा ऐकून घेतात आणि मग नेमकं विचारतात. "आणि ही निवडणूक घेतो कोण?"

इथे मला मान खाली घालावी लागली. राज्याच्या निवडणुकांची जबाबदारी सेक्रेटरी ऑफ स्टेटची. म्हणजे बेन्सनबाईंची. उमेदवारही त्याच. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेली व्यक्ती निवडणुकीची प्रमुख असते, ही कल्पनाच बाबांना सहन होईना. "आमच्याकडे निवडणूक आयोग आहे," ते म्हणाले, आणि तो अभिमान मला फोनमधूनही जाणवला. मी बचाव केला: प्रत्यक्ष मतदान आणि मोजणी गावोगावचे पंधराशेहून जास्त क्लार्क सांभाळतात, निकालावर शिक्कामोर्तब करणाऱ्या राज्याच्या मंडळात दोन्ही पक्षांचे दोन-दोन सदस्य असतात, आणि २०२० मध्ये बेन्सनबाईंच्या घराबाहेर शस्त्रधारी लोक जमले तरी त्या निकालापासून हलल्या नाहीत. हे सगळं खरं आहे. पण आपल्याकडच्या आयोगाबद्दल कितीही तक्रारी असल्या तरी आयुक्त स्वतः उमेदवार नसतो, हेही खरं आहे, आणि या बाबतीत मला आपली पद्धत बरी वाटते. मी ते मान्य केलं. बाबा खूश झाले.

आता खरा पेच. माइक डगन. २०१४ ते २०२५ डेट्रॉईटचे महापौर, आयुष्यभर डेमोक्रॅट, आणि आता अपक्ष. शहर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं होतं; त्यांच्या काळात ते बाहेर आलं आणि १९५७ नंतर पहिल्यांदा शहराची लोकसंख्या वाढल्याचा अंदाज जनगणना खात्याने दिला. डेट्रॉईटजवळच्या आमच्या नोव्हाय गावातल्या शेजाऱ्यांकडे डगनचं नाव काढलं की रिपब्लिकनसुद्धा मान डोलावतात. त्यांची २०१३ ची कथा मी बाबांना सांगितली. अर्ज भरताना शहरात मतदार म्हणून एक वर्ष पुरं झालं नव्हतं म्हणून कोर्टाने त्यांचं नाव मतपत्रिकेवरून काढलं. मग मतदारांनी हाताने त्यांचं नाव लिहायचं, असा प्रचार केला. तेवढ्यात जवळजवळ तसंच नाव असलेला दुसरा एक उमेदवार उभा राहिला. "नामसाधर्म्य!" बाबा ओरडलेच. तरी डगन पहिल्या क्रमांकाने आले, हाताने लिहिलेल्या मतांवर.

इथे दुसरी फेरी नसते. सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो गव्हर्नर. मग ती पस्तीस टक्के का असेनात. मतविभागणी म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला समितीत फूट पडली आणि एकही राहिला नाही. २०२३ लाही नाही. त्या निकालाच्या दिवशी बाबा दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. म्हणून त्यांचा प्रश्न एकच होता: "तो अपक्ष मतं कुणाची खातो?"

यावर मी रात्री दोन वाजेपर्यंत बसले. वहीत मागचे निकाल लिहिले आणि एक गोष्ट दिसली. गव्हर्नर मिलिकन १९८३ ला गेल्यापासून मिशिगनमध्ये गव्हर्नर बदलला की पक्षही बदलला. ब्लँचर्ड, एंगलर, ग्रॅनहोम, स्नायडर, व्हिटमर, प्रत्येक वेळी. त्या हिशेबाने या वेळी रिपब्लिकन. पण दुसरा रकाना पाहा: १९८२, २००२, २०१०, २०१८, या चारही वेळी खुर्ची मोकळी होती, आणि चारही वेळी जिंकलेला पक्ष राष्ट्राध्यक्षांच्या विरोधातला होता. त्या हिशेबाने या वेळी डेमोक्रॅट. आजवर हे दोन्ही नियम एकाच बाजूला बोट दाखवत होते. २०२६ ला पहिल्यांदाच ते आमनेसामने आले आहेत.

त्याच मंगळवारी न्यू जर्सीत काय झालं तेही वहीत आहे. तिथे १९६१ नंतर कुठल्याच पक्षाने गव्हर्नरपद सलग तिसऱ्यांदा जिंकलं नव्हतं. डेमोक्रॅट मिकी शेरिल यांनी तो नियम मोडला. वॉशिंग्टनवरचा राग आलटून-पालटून बदलण्याच्या सवयीपेक्षा मोठा ठरला. म्हणून माझा अंदाज बेन्सन, थोडक्या फरकाने, चाळीस टक्क्यांच्या आसपास. डगन दोन्हीकडची मतं घेतील: डेट्रॉईटमध्ये डेमोक्रॅटांची, आमच्या ओकलंड काउंटीत मवाळ रिपब्लिकनांची.

आणखी एक नाव या वहीत पहिल्या पानावर आहे, जरी ते या शर्यतीत नाही. श्री ठाणेदार. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला माणूस २०१८ ला याच पदासाठी डेमोक्रॅट प्रायमरीत उभा राहिला. स्वतःचे एक कोटी डॉलरच्या आसपास घातले. तिघांत तिसरे आले, साधारण अठरा टक्के मतं. तेव्हा माझ्याकडे मत नव्हतं. टीव्हीवर त्यांची जाहिरात लागली की मी काम सोडून पाहायची, आणि इथले काही मराठी लोक म्हणायचे, पैसा आहे म्हणून उभा आहे. असेलही. पण पडल्यावर ते घरी बसले नाहीत. २०२० ला राज्याच्या विधानसभेत गेले, २०२२ ला डेट्रॉईटमधून काँग्रेसमध्ये. कॅनडात जन्मलेल्या जेनिफर ग्रॅनहोम इथे आठ वर्षं गव्हर्नर होत्या. राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी जन्माने नागरिक असावं लागतं, गव्हर्नर होण्यासाठी नाही. तीस वर्षं वय आणि राज्यात चार वर्षं मतदार, बस. चिकोडीच्या माणसाने ती संधी ओळखली. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

काल बाबांना माझा तक्ता वाचून दाखवला. त्यांनी दोन मिनिटं काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "अपक्ष निवडून येत नसतोय बघ. तो पाडतोय. ज्या घरातनं निघाला, त्याच घराला पाडतोय. माझा जॉन जेम्स लिही."

मी म्हटलं, बाबा, न्यू जर्सी बघा ना.

"न्यू जर्सीत बंडखोर होता काय?"

नव्हता.

"मग लिही."

लिहिलं. लाल पेनाने, तारीख घालून, माझ्या अंदाजाच्या खाली. ३ नोव्हेंबर २०२६ ला इथे रात्री आठ वाजता मतदान संपेल, तेव्हा बेळगावात ४ तारखेचे सकाळचे साडेसहा झाले असतील. बाबा म्हणाले, सहालाच उठतो, चहा घेऊन बसतो, तू फोन कर.