आमची वाटचाल : पुटकुळी जाते, तीळ राहतो

कुडाळ परिसरात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, करणारी दुकानं आज बरीच आहेत. पण नवरीच्या गालावरची तेवढी पुटकुळी काढून बाकीचा चेहरा जसाच्या तसा ठेवणारं दुकान कुठलं, असं वेंगुर्ल्यापासून कणकवलीपर्यंत कुठल्याही जुन्या फोटोग्राफरला विचारा, आमचंच नाव घेतील. हे नाव आम्ही फ्लेक्स लावून कमावलेलं नाही.

सुरुवात कॅसेटवर झाली. एमएक्स-५० हा व्हिडिओ मिक्सर, दोन व्हीसीआर आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर, कारण मे महिन्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा. त्या काळात चेहऱ्यावरचा डाग काढणं शक्यच नव्हतं. फार तर तो शॉट उडवायचा, नाहीतर वर फुलांची फ्रेम टाकायची. पुढे कॉम्प्युटर आला आणि २००८ मध्ये आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरच्या सीएस-४ आवृत्तीसोबत मोका हा ट्रॅकर, म्हणजे हलत्या चित्रातली जागा फ्रेममागून फ्रेम धरून ठेवणारं साधन, मिळायला लागला. आमचं खरं काम तिथून सुरू झालं. त्याआधीचा ट्रॅकर एका ठिपक्याला धरायचा, आणि गुळगुळीत गालावर त्याला धरायला काही नसायचं. मोका अख्खा पृष्ठभाग धरतो. तरीही मी आजपर्यंत मुलांना एकच शिकवत आलोय: आधी तीळ शोधा. तीळ, चमकी, कुंकवाची कड, जे ठळक असेल त्याच्यावर ट्रॅकर बसवा, म्हणजे डागावर चढवलेलं स्वच्छ त्वचेचं ठिगळ गालावरून घसरत नाही.

काम ऐकायला सोपं आहे. त्याच क्लिपची दुसरी प्रत वरच्या लेयरला टाकायची, ती जराशी सरकवून शेजारची स्वच्छ त्वचा डागावर आणायची, भोवती छोटा मास्क, म्हणजे तेवढाच भाग दाखवणारी चौकट, मास्कला फेदर, म्हणजे मऊ कड, आणि मग ट्रॅक. पण आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे मिनिटभराच्या क्लोजअपला १,५००. त्यात मुंडावळ्या हलतात. मोत्यांची लड डागासमोरून गेली की ट्रॅकर लडीबरोबर पळतो. तिथे ट्रॅक थांबवून हाताने कीफ्रेम द्यावी लागते, म्हणजे ठिगळाची जागा स्वतः नेमून द्यावी लागते, आणि लडीपुरता वेगळा मास्क काढून ती ठिगळाच्या वर आणावी लागते. अक्षता पडताना तेच. वरून फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की ती एक फ्रेम पांढरी होते आणि ठिगळ उघडं पडतं. हे सगळं डोळ्यांनी बघून करायचं काम आहे, आणि त्याचे आम्ही वेगळे पैसे घेतो. पहिल्यापासून घेतो.

याच पैशांवरून आम्हाला बदनाम केलं गेलं. हायवेला एक मोठा स्टुडिओ आला. नाव लिहीत नाही, इथल्या लोकांना माहीत आहे. काचेचं ऑफिस, एसी, आणि बोर्डवर मोठ्या अक्षरात ‘फेस स्मूथ फ्री’. एक इफेक्ट अख्ख्या टाइमलाइनवर टाकायचा, रेंडर मारायचा आणि चार दिवसांत पेनड्राईव्ह हातात द्यायचा. फोटोग्राफरना सीझनआधी ॲडव्हान्स दिले. आमच्याकडे शिकलेली दोन पोरं नेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यांना मास्कचा हात मी धरून शिकवला होता. वर लोकांना सांगितलं, ‘एक बटण दाबायचे हे पैसे घेतात.’ ज्यांच्या घरची तीन-तीन लग्नं आम्ही केली, ते रस्त्यात दिसले तर मान वळवायला लागले. दुसरा कॅमेरा विकला. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. दुकान बंद करून मुंबईला भावाकडे जायचं घरात ठरत आलं होतं.

त्या दिवसांत फक्त वेंगुर्ल्याचे आबा आमच्याकडे येत राहिले. आबा स्वतः फोटोग्राफर. कॅसेटच्या जमान्यात ते एसटीच्या कंडक्टरकडे पार्सल द्यायचे आणि स्टँडवरून फोन करून गाडी सुटल्याचं सांगायचे. बिलाचा एक रुपया त्यांनी कधी थकवला नाही. एका मे महिन्यात ते हार्डडिस्क घेऊन स्वतः आले. लग्न काजूच्या बागायतदाराकडचं. नवरीने आठवडाभर आधी ओल्या काजूचे गर काढताना हात गालाला लावला होता आणि चीक भाजून काळपट चट्टा पडला होता. घरच्यांनी घाईपोटी मिक्सिंग हायवेवर दिलं होतं. आबांनी ती फाइल माझ्यापुढे लावली आणि म्हणाले, ‘‘ह्यां बघ, काय करून ठेवल्यानी.’’ चट्टा पुसट झाला होता, पण नथीचे मोती एकमेकांत विरघळले होते, शालूची जर धुकट झाली होती आणि हनुवटीवरचा तीळ गेला होता. मुलीच्या आजीने टीव्हीवर बघून सरळ सांगितलं होतं, ‘‘ह्यां आमचां चेडू न्हय.’’

आम्ही रॉ फुटेज, म्हणजे कॅमेऱ्यातलं मूळ शूटिंग, घेतलं. चट्टा मोठा होता, म्हणून ठिगळ त्याच गालाच्या खालच्या भागातून उचललं आणि त्याचा उजेड थोडा वाढवला. दुसऱ्या गालाची त्वचा उलटी करून चालत नाही, तिच्यावर प्रकाश वेगळ्या बाजूने पडलेला असतो. हळदीच्या शॉटांना तर प्रत्येकाला वेगळं ठिगळ, कारण हळद चढत जाते तसा रंग बदलतो. ट्रॅकर मात्र सगळीकडे हनुवटीवरच्या तिळावरच बसवला. त्यांनी जो पुसला होता, त्याच तिळाने आमचं काम धरून ठेवलं.

त्या घराकडून माणगाव खोऱ्यातली चार लग्नं आली आणि पुढच्या सीझनला पाटल्या सुटल्या. त्यानंतरची वर्षं ठीक गेली.

नवीन पोरांसाठी काही गोष्टी लिहून ठेवतो. पुटकुळी दिसली की लगेच ब्लर मारू नका. डोळ्याला आधी खुपतो तो लाल रंग. तेवढ्या भागाचा लाल कमी करून वेक्टरस्कोपवर, म्हणजे रंग दाखवणाऱ्या आलेखावर, स्किन टोनच्या रेघेशी आणा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं आणि त्वचेची रंध्रंही शाबूत राहतात. रिझॉल्व्ह या रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही पॉवर विंडो (मास्कसारखीच चौकट) आणि ट्रॅकर आहे, सबब सांगू नका. डाग आधी काढा, लुक, म्हणजे अख्ख्या व्हिडिओची रंगछटा, नंतर चढवा, कारण कॉन्ट्रास्ट वाढवला की ठिगळाची कड वर येते. शूटिंगवाल्यांनीही नवरीवर एका बाजूने कडक लाईट मारू नये, त्याने उंचवट्याची सावली पडते आणि पुटकुळी दुप्पट दिसते. २०१९ मध्ये आफ्टर इफेक्ट्समध्ये कंटेंट-अवेअर फिल, म्हणजे नको ती वस्तू काढून ती जागा आपोआप भरणारं साधन, आलं तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं की आता तुमचं काम संपलं. भिंतीवरची वायर ते छान घालवतं. बोलत्या, हसत्या गालावर ते आम्ही लावून बघितलंय, त्वचा थरथरते.

आणि चेहरा ज्याचा आहे त्याला विचारा. जन्मखूण, देवीचे व्रण, लहानपणी पडून झालेली भुवईवरची खोक, यातलं काहीही घरच्या कोणाच्या सांगण्यावरून आम्ही काढत नाही. नवरीने किंवा नवऱ्याने स्वतः सांगितलं तरच. यावरून दोन-तीन गिऱ्हाइकं रागावून गेली, त्यांना जाऊ दिलं.

या सीझनला काम देणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या कार्डावरचा मूळ डेटाच आणावा, व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ चालणार नाही, त्यात त्वचेचे चौकोन झालेले असतात. सोबत नवरीचा मेकअपशिवायचा एक साधा फोटो आणि काय ठेवायचं, काय काढायचं याची तिच्याच हातची चिठ्ठी. आबांकडच्या तीन लग्नांचं काम आधीच आलं आहे, तेव्हा वैशाखातल्या तारखा लवकर कळवा.