आरशासमोर बसायला काय घ्यायचं?

कपाटांच्या खोलीचं काम निघालं तेव्हा हँगरची दांडी किती उंचीवर, ड्रॉवर किती खोल, आरशाचे दिवे कुठे, सगळं मोजून-मापून ठरलं. बसायचं कशावर, हा विषय मात्र ‘एखादं छानसं स्टूल आणून टाकू’ एवढ्यावर मिटला. आणि त्या छानशा स्टुलानेच मला सगळ्यात जास्त दमवलं.

फोटो बघत बसले की सगळंच आवडत होतं. गोल मखमली पूफ (बिनपाठीची गुबगुबीत बैठक), सोनेरी पायांची बैठक, पाठीवर शिंपल्यासारखी नक्षी असलेली बुटकी खुर्ची. म्हणून फोटो बाजूला ठेवले आणि त्या खोलीत मी बसून नक्की काय करते ते बघितलं. आरशासमोर तोंड रंगवणं हे पहिलं काम. मोजे-बूट घालणं हे दुसरं. आणि तिसरं, जे कुणी कबूल करत नाही: घालायचे की धुवायला टाकायचे हे न ठरलेले कपडे ठेवणं.

पहिल्या दोन कामांचं आपसात पटत नाही. बूट घालायला बैठक जितकी बुटकी तितकं बरं. पूर्वी इंग्लंडमधल्या शयनगृहांत याच कामासाठी ‘स्लिपर चेअर’ नावाची, हात नसलेली, बुटकी खुर्ची ठेवत. पण तेवढ्या उंचीवरून मेजावरचा आरसा बघायचा तर मान वर करून बसावं लागतं. माझ्या मेजाची उंची ७५ सेंटिमीटर. बैठक आणि मेजाचा वरचा पृष्ठभाग यांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर असलं की कोपर नीट टेकतं, म्हणजे बैठक ४५ ते ५० हवी. त्यात मेजाला खाली ड्रॉवर आहे, तो १२ सेंटिमीटर खातो. बैठक ५० ची घेतली तर मांडीला १३ च उरतात आणि गुडघे ड्रॉवरवर घासतात. ४५ ची घेतली तर १८ मिळतात आणि बूटही वाकून-वाकून घालावे लागत नाहीत. ४५ पक्के झाले. एक गोष्ट दुकानात आपणहून कुणी सांगत नाही: लिहिलेली उंची रिकाम्या बैठकीची असते. मऊ फोम असला तर बसल्यावर दोन-तीन सेंटिमीटर सहज खाली जातो. त्यामुळे मी मोजपट्टी घेऊन आधी बसायचे आणि मग कुणाला तरी बाजूने मोजायला लावायचे. लोक बघायचे, बघू देत.

लांबी-रुंदीसाठी वर्तमानपत्रं कापून जमिनीवर चिकटवली. ४५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ फोटोत गोंडस दिसतं, पण आमच्या कपाटाचं दार उघडलं की नेमकं त्याच्यावर यायचं, आणि खालचा ड्रॉवर तर अर्धाच उघडायचा. ६० बाय ३८ चा आयत आरशासमोर ठेवला तर काम झालं की मेजाखाली सरकवता येत होता आणि जायची वाट मोकळी राहत होती. कागद काही दिवस तसाच ठेवला. ज्या कोपऱ्यावर पाय पडून तो सारखा फाटत होता, तिथेच खऱ्या स्टुलाला करंगळी आपटली असती.

पाठ हवी का, यावर घरात चर्चा झाली. बुटक्या पाठीची ती खुर्ची मला मनापासून आवडली होती. पण पाठ आली की मेजाखाली सरकत नाही, आणि पाठ म्हणजे कपडे लटकवायला आयती दांडी. “मग खुर्ची असते कशाला?” हे नवऱ्याचं म्हणणं. पाठ रद्द झाली.

झाकण उघडलं की आत सामान ठेवता येणारी पेटी हा मोहही मोठा होता. दुकानात तिच्यावर बसून उठले आणि लगेच कारण सापडलं. उठताना आपण नकळत टाचा मागे, बैठकीखाली घेतो. पेटी जमिनीपर्यंत बंद असते, टाचांना जागाच नसते, मग हाताचा रेटा देऊन उठावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तर हे फारच वाईट. शिवाय आतलं काही काढायचं तर वरचा कपड्यांचा ढीग आधी उचला. पायांवर उभी असलेली, खालून मोकळी बैठकच बरी.

आता शोभा उरली ती कापडात आणि पायांत. मखमलीचे तुकडे घरी आणले. तळवा एका दिशेने फिरवला की हिरवा उजळतो, उलटा फिरवला की काळपट होतो. बसून उठलं की दोन गोल ठसे तसेच दिसतात. काहींना तेच आवडतं, मला रोज हाताने सारखं करायचं नव्हतं. बुक्ले, म्हणजे वेटोळ्या-वेटोळ्यांच्या धाग्याचं कापड, त्याच्या तुकड्यावर अंगठी घासून पाहिली, खड्याच्या काट्यात एक वेटोळं अडकलं आणि लांब दोरा बाहेर आला. जिथे हुक, चेन आणि कानातले रोज वावरतात तिथे हे कापड नको. रेक्झिन पुसायला सोपं, पण उघड्या मांडीला चिकटतं, आणि त्यावर पॉलियुरेथेनचा थर असेल तर तो दमट हवेत काही वर्षांनी सोलवटतो. बटणं दाबून केलेले खळगे फोटोत राजेशाही दिसतात, पण प्रत्येक खळग्यात पावडर आणि केस जाऊन बसतात. ब्रशने कोरत बसायची माझी तयारी नव्हती.

शेवटी घट्ट विणीचं सपाट कापड निवडलं. नमुन्याच्या मागे मार्टिनडेल आकडा असतो, म्हणजे घासण्याच्या किती फेऱ्यांपर्यंत कापड टिकलं. घरातल्या रोजच्या सोफ्याला साधारण २५,००० बघतात. इथे माणूस पाच-दहा मिनिटं बसतो, त्यामुळे १५,००० सुद्धा चाललं असतं. त्यापेक्षा रंगानेच जास्त छळलं. खिडकीपाशी शेवाळी वाटणारा तुकडा आरशाच्या पिवळ्या दिव्यात सरळ तपकिरी दिसायचा. ज्या दिव्यात ती बैठक दिसणार त्याच दिव्यात, संध्याकाळी, नमुने लावून बघितले तेव्हा गडद निळसर हिरवा ठरला. कडेला त्याच कापडाची पाइपिंग, म्हणजे शिवणीवरची दोरीसारखी गोल कड, वरून सपाट.

हव्या मापाची तयार बैठक कुठेच मिळेना, म्हणून बनवून घेतली. फोम मी हाताने दाबून बघत होते तेव्हा गादीकाम करणारे काका म्हणाले, “ताई, हाताने सगळेच मऊ लागतात, बसून बघा.” खरंच, दाबायला मऊ लागणाऱ्या तुकड्यावर बसले की खालचा प्लाय टोचत होता. त्यांनी खाली ४० डेन्सिटीचा घट्ट फोम आणि वर पातळ मऊ थर दिला. घनमीटरला ४० किलो म्हणजे ४० डेन्सिटी, एवढं कळलं की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं.

पायांबाबत मात्र मी हट्ट धरला. पाय आत घेतले की बैठक तरंगल्यासारखी दिसते, पण आरशासमोर माणूस कधीच मधोमध बसत नाही. काजळ घालताना तो पुढच्या काठावर येऊन झुकतो. पाय फार आत असतील तर मागची बाजू उचलली जाते. म्हणून पाय चारही कोपऱ्यांत, किंचित बाहेर झुकलेले, लाकडाचेच ठेवले आणि टोकांना पितळी टोप्या लावल्या. शोभेची हौस तिथे फिटली. टोप्यांखाली फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड मऊ कापडाच्या, चकत्या लागतातच, कारण ही बैठक रोज सरकवली जाते. चिकटवायच्या चकत्या घासून कडेला सरकतात आणि गोंदाला धूळ धरते. खिळ्याने ठोकायच्या मिळतात, त्या टिकतात.

कापड स्टेपल करून लावलंय, चेनचं कव्हर नाही. त्यामुळे त्याच थानातलं अर्धा मीटर जास्तीचं घेऊन ड्रॉवरच्या तळाशी ठेवलंय. पुढे डाग पडला तर वरचा भाग बदलता येईल.