पुढचा पाटा

“पाटा वाढवून देतो भाऊ, पण मंग दनका कोन घेईन? चेसिसच घेईन ना!” मिस्त्रीने आज पिकअपखाली पडल्या पडल्या हा प्रश्न विचारला, आणि हिंगणघाटहून गावी परतेपर्यंत तो माझ्या डोक्यातून गेला नाही.

पुढची बाजू बसली आहे, खड्ड्यात गाडी स्टॉपरवर (कमान फार दबली की टेकणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळते, म्हणून कमानीत, म्हणजे चाकावरचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक जादा पाटा (पट्टी) घालून घ्यावा, असे मी ठरवूनच गेलो होतो. मिस्त्रीने मात्र शॅकलजवळ, म्हणजे कमानीचे टोक चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणाऱ्या कडीजवळ, पहार घालून हलकेच उचकली, तेव्हा बुशचे (तिथल्या पिनेभोवतीच्या नळीचे) रबर पार खाल्लेले आणि गोल असायला हवे ते भोक अंडाकृती झालेले दिसले. शॉकअॅब्सॉर्बर तर दाबल्यावर दाबलेलाच राहिला. (ते तेल गळताना मी महिनोन्महिने पाहत होतो, हेही कबूल करतो.)

पाटा वाढवला की कमान कडक होते आणि गाडी उंच दिसते. परंतु कमानीची उसळी आवरणे हे शॉकअॅब्सॉर्बरचे काम असते, ते पाटा करीत नाही. काळ्या मातीवरचे आमचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात, आणि त्यांवरून कापूस वाहताना आपण दरवेळी गाडीचा जोर वाढवतो, झीज कुठे झाली ते वाकून पाहत नाही.

शेवटी बुश, पिना आणि शॉकअॅब्सॉर्बरची जोडी बदलली. कमान अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायला आठवड्याने बोलावले आहे.

पुढे जादा पाटा घातलेल्यांनी सांगावे, रिकामी गाडी किती उडते?