अंगणातला खळगा

आमच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या डाव्या अंगाला, पेव्हर ब्लॉकच्या फरसबंदीत खळगा पडला आहे, हे घरात सर्वांत आधी आईला कळले आणि तेही डोळ्यांनी नव्हे, पायांनी. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून ती प्रदक्षिणेला निघाली की तिसऱ्या पावलाला एक ब्लॉक तिच्या टाचेखाली डुलायचा आणि पावसाचे दिवस असले तर त्याच्या फटीतून गढूळ पाण्याची बारीक पिचकारी नेमकी तिच्या धुतलेल्या लुगड्याच्या काठावर उडायची. “तुझी ही फरशी माझ्यावर थुंकते,” असे ती म्हणायची. मी “बघतो” म्हणायचो. आमच्या घरात ‘बघतो’ म्हटलेल्या कामाला निदान पुढच्या चतुर्थीपर्यंत कोणी हात लावत नाही.

चौदा वर्षांपूर्वीपर्यंत आमचे अंगण मातीचे होते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या बहुतेक जुन्या घरांसारखे आमचेही घर चिऱ्याचे, वर मंगळुरी कौले, पुढे सोपा आणि सोप्यापुढे अंगण. पावसाळ्यात त्या अंगणाचा चिखल होई आणि तुळशीपर्यंत जाण्यापुरती माडाची चुडते अंथरलेली असत. पाऊस ओसरला की आश्विनात गवत तासायचे, खाचखळगे नव्या मातीने भरायचे, पाणी मारून जमीन चोपायची आणि तुळशीच्या लग्नाआधी ती शेणाने सारवून घ्यायची, हा क्रम मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तुळशीचे लग्न म्हणजे आमच्याकडची व्हडली, म्हणजे मोठी, दिवाळी. त्या संध्याकाळी अंगण ओबडधोबड असणे म्हणजे घरातल्या माणसांची अब्रू जाण्यासारखेच होते. त्या मातीच्या अंगणातही दरवर्षी खळगे पडत असणारच, किंबहुना आजच्यापेक्षा अधिक पडत असतील, पण एकाही खळग्याला दुसरा पावसाळा पाहायला मिळत नसे आणि त्या कामाला दुरुस्ती असे नावही कोणी दिलेले नव्हते. ते आश्विनातले काम होते, इतकेच.

पेव्हर घालण्याचा हट्ट माझा. शेण मिळेनासे झाले होते, सारवणारे हात म्हातारे झाले होते आणि ठेकेदाराने “एकदा बसवले की डोक्याला ताप नाही” असे सांगितल्यावर मला दुसरे काही ऐकायचेच नव्हते. ब्लॉकबद्दल मी चौकशी केली होती, हे मात्र खरे. पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे. त्यात हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक सांगितला आहे, आणि एक स्कूटर व क्वचित येणारी पाहुण्यांची मोटार एवढ्यासाठी तो पुरेसा होता. विटेसारखे आयताकृती, वीस सेंटिमीटर लांब आणि दहा रुंद असे राखी ब्लॉक मी निवडले, त्यांचा रंग पारखला, दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून आवाजही ऐकला. त्यांच्याखाली काय घातले जात आहे, हे पाहायला मात्र मी एकदाही वाकलो नाही. चौदा वर्षांनी खळगा उकरला तेव्हा त्यातला एकही ब्लॉक फुटलेला नव्हता; ज्याची मी एवढी पारख केली होती, ते अगदी निर्दोष निघाले.

पहिली दुरुस्ती मी गेल्या वर्षी मे महिन्यात केली आणि ती माझ्या आजवरच्या घरगुती पराक्रमांत बरीच वरच्या क्रमांकाची फजिती ठरावी. खळग्यातले ब्लॉक उचलले, खाली वीतभर रेती ओतली, हाताने सारखी केली, ब्लॉक परत मांडले आणि आईला चालून दाखवायला सांगितले. ब्लॉक डुलला नाही. जूनमध्ये पाऊस आला, आणि चतुर्थीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचे, सामान घेऊन आलेल्या भाच्याने चप्पल घातलेला पाय त्याच जागी घोट्यापर्यंत पाण्यात घातला. भुसभुशीत रेतीचा जाड थर पाण्याने आणि पायांखाली बसत जातो. जितका थर जाड, तितके ते बसणे अधिक. ब्लॉकखालच्या रेतीचे काम खड्डा भरण्याचे नसतेच. ती तीन-चार सेंटिमीटर जाडीची गादी असते आणि भार घेणारी जमीन तिच्याही खाली, खडीची, दाबून घट्ट केलेली असावी लागते. मी गादीवर गाद्या घातल्या होत्या.

शेजाऱ्यांचा सल्ला सिमेंट ओतण्याचा होता. फटींतून सिमेंटचे पातळ पाणी सोडायचे म्हणजे सगळे एकजीव होते, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांच्या अंगणात ते तसे झालेही आहे. फक्त त्या एकजीव झालेल्या तुकड्याला मधोमध भेग गेली आहे आणि त्याखालची पोकळी पायाने ठोकली तर घुमट या वाद्यासारखी वाजते. ब्लॉक सुटे असतात ते त्यांनी जमिनीबरोबर थोडे हलावे आणि गरज पडली तर उचलता यावेत म्हणूनच. त्यांना सिमेंटने जखडले की दोन्ही सोयी गेल्या.

अखेर या वर्षी एप्रिलमध्ये मी वाड्यावरच्या एका वृद्ध मेस्ताला बोलावले. आयुष्यभर चिऱ्याच्या भिंती रचलेला माणूस. आता हातात थापी धरत नाही, पण सोप्यावर बसून दुसऱ्याकडून काम करवून घेण्यात त्याला अजूनही गोडी आहे. मी खळग्याकडे बोट दाखवले, तर तो वर बघत राहिला. छपराच्या पन्हळीकडे. “बाब, हे पाणी कुठे जाते?” मी म्हणालो, “खाली.” “खाली म्हणजे कुठे?” तेव्हा मला उत्तर द्यावे लागले नाही, कारण पाच वर्षांपूर्वी मीच हौसेने बसवलेल्या प्लास्टिकच्या पन्हळीचे तोंड खळग्यापासून हातभर अंतरावर उघडे होते.

त्या रात्री मी हिशेब मांडला. पणजीकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या भागात तो कमी नाही. आमच्या छपराच्या पुढच्या उताराचे क्षेत्रफळ साधारण चाळीस चौरस मीटर. म्हणजे वर्षाकाठी सुमारे एक लाख वीस हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे बारा टँकर, मी एकाच नळीतून अंगणातल्या एकाच जागेवर ओतत होतो. पूर्वी हेच पाणी वळचणीच्या सबंध लांबीवर पागोळ्यांनी पडायचे आणि पागोळ्यांची ती सरळ रेघ जमिनीवर उमटायची; मी त्या रेघेचा एक ठिपका करून ठेवला होता. आईच्या रोजच्या तांब्याभर पाण्यावर मी मनातल्या मनात बराच काळ संशय घेत होतो, तो तिला न सांगता मागे घेतला.

खळगा उघडणे हे या कामातले सर्वांत आनंदाचे प्रकरण. पहिला ब्लॉक निघता निघत नाही. माती, शेवाळ आणि रेती फटीत अशी घट्ट बसलेली असते की आधी ती जुन्या सुरीने खरवडावी लागते. मग दोन चपटे स्क्रूड्रायव्हर समोरासमोरच्या फटींत घालून ब्लॉक एकदा इकडे, एकदा तिकडे असा हळूहळू डोलवत वर आणायचा. दुधाचा दात काढताना जशी घाई करून चालत नाही, तशीच इथेही. घाई केली तर शेजारच्या ब्लॉकची कड उडते. तो एक निघाला की दुसरा हाताने निघतो आणि त्यानंतरचे तर आपणहून निघायला बसलेले असतात. खळगा मीटरभराचाच होता, पण त्याच्या चारी बाजूंना दोन-दोन ओळी अधिक उचलाव्या लागतात, कारण खचलेली जमीन वरून दिसते त्यापेक्षा रुंद असते. असे नव्वद ब्लॉक निघाले. प्रत्येक पावणेतीन किलोचा. मी खडूने त्यांच्यावर क्रमांक घातले, आणि मेस्ताने सगळे ब्लॉक सारख्याच मापाचे असताना सत्तावीस क्रमांकाचा ब्लॉक अठ्ठावीसच्या जागी बसला तर काय होते, असे विचारले. क्रमांक फक्त कडेच्या कापलेल्या ब्लॉकना लागतात. रात्री एक अवकाळी सर आली आणि सर्वच क्रमांक पुसले गेले. सुदैवाने कडेच्या ओळीचे छायाचित्र मुलाने मोबाइलवर काढून ठेवले होते.

ब्लॉकखाली रेती होती, पण कशी? कडेला तिच्यावर ब्लॉकचे ठसे शिक्क्यासारखे स्पष्ट उमटलेले, आणि मध्ये रेतीच नाही. तांबड्या मातीत ताटाएवढी पोकळी आणि तिच्या तळाशी मूठभर रुंदीचे तिरके बीळ. घूस. ती वृंदावनाच्या मागून शिरून थेट नळाच्या पाइपापर्यंत गेली होती. पाइप पुरताना जो चर खणला होता त्यातली माती कोणी दाबली नव्हती, नुसती परत लोटली होती. पन्हळीचे पाणी त्या मऊ वाटेने शिरले, जाताना रेती घेऊन गेले, आणि मऊ जागा दिसल्यावर घुशीने उरलेले खोदकाम केले. मुंग्यांनी फटींतून उपसून वर घातलेल्या बारीक रेतीचे ढिगारे तर मी वर्षानुवर्षे झाडूने लोटून देत आलो होतो. खालून माल बाहेर निघतो आहे, याची ते रोजची नोंद होते, आणि मी ते कचरा म्हणून सुपलीत भरत होतो.

बीळ खणून मोकळे केले, खडी आणि सिमेंट कालवून त्याचे तोंड बंद केले. मग चर घट्ट जमीन लागेपर्यंत उकरला आणि खडी व क्रशरची भुकटी यांचे मिश्रण त्यात घातले. एकदम नव्हे, दहा-दहा सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थरावर थोडे पाणी शिंपडून आणि धुम्मसाने ठोकून. हे ठोकणे अत्यंत कंटाळवाणे असते. सुरुवातीला धुम्मस पडला की थप्प असा ओला, जड आवाज येतो. थर बसत गेला की तो कोरडा होत जातो आणि शेवटी धुम्मस हातात उसळतो. “उसळला की पुढचा थर,” एवढीच मेस्ताची कसोटी. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, १६३०च्या दशकात लिन्यारेस या पोर्तुगीज व्हाईसरॉयच्या काळात बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा चिऱ्याचा सेतू आजही वाहने झेलत दलदलीवर उभा आहे, आणि त्याच्या तळाशी लाकडाचे ओंडके घातल्याचे सांगतात. त्याच्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण त्याच्याखाली काय आहे याचा विचार हातात धुम्मस आल्यावरच मनात आला.

रेतीने मात्र दमवले. मांडवी, शापोरा, तेरेखोल या नद्यांमधल्या रेतीउपशाचे प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालये आणि परवाने यांच्यात अडकलेले असल्यामुळे गोव्यात चार घमेली चांगली रेती मिळवणे म्हणजे ओळखीपाळखीचे काम झाले आहे. समुद्राची रेती समोर पसरलेली असते, पण ती आणणे बेकायदा आणि तिच्यातले मीठ ब्लॉकवर पांढरे फुटून येते, ते वेगळे. शेवटी खाणीवरची, दगड फोडून केलेली यांत्रिक रेती आणली, जाड, धुतलेली. क्रशरची भुकटीच वर पसरण्याचा मोह मेस्ताने मोडून काढला. ती पाणी धरून ठेवते आणि गादी सदैव ओली राहते.

उतार लेव्हलच्या नळीने पाहिला. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक सोप्याच्या पायरीशी आणि दुसरे गटाराशी धरले की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत येते. या साध्या युक्तीला ना बॅटरी लागते, ना शिक्षण. पायरीपासून गटार सहा मीटर, मीटरला दीड सेंटिमीटर उतार धरला तर शेवटी नऊ सेंटिमीटर खाली. दोन लोखंडी नळ्या रेतीत रुळांसारख्या ठेवून त्यांवरून फळी ओढली आणि रेतीची गादी सारखी करून घेतली. त्या सारख्या केलेल्या रेतीवर पाय द्यायचा नसतो. आमच्या मांजराने दिला. ब्लॉक आसपासच्या फरशीपेक्षा अर्धा सेंटिमीटर उंच मांडले, वर फळी ठेवून हातोड्याने ठोकत ते पातळीत आणले, आणि बारीक कोरडी रेती खराट्याने फटींत लोटली. फटी तीन-चार मिलिमीटरच्याच, पण त्या रेती किती खातात याचा अंदाज येत नाही. दोन दिवसांनी पुन्हा घातली, आठवड्याने पुन्हा. पन्हळीचे तोंड जमिनीखालून गटारात नेले.

काम झाले तेव्हा अंगणात एक ठिगळ दिसू लागले. बाकीच्या फरशीवर चौदा पावसाळ्यांचे काळेपण, आणि मी घासून धुतलेले हे नव्वद ब्लॉक पांढुरके, जणू चौकोनी चादर वाळत घातली आहे. न घासता लावले असते तर कोणाला कळलेही नसते. मेस्ताने पाहून मान हलवली आणि म्हणाला, “राहू द्या, पुढच्या खेपेला कुठे उघडायचे ते कळेल.”

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत मी छत्री घेऊन अंगणात उभा राहिलो. पाणी ठिगळावरून सरकत गटाराकडे गेले, थांबले नाही. आईने दुसऱ्या दिवशी प्रदक्षिणा घातली. तिसऱ्या पावलाला तिने सवयीने लांब टांग टाकली आणि तो ब्लॉक ओलांडूनच ती पुढे गेली. मग परत येऊन तिने त्याच्यावर पाय ठेवून पाहिला. उरलेली अर्धे पोते रेती जिन्याखाली डब्यात कोरडी ठेवली आहे, पूर्वी शेणाची पाटी असायची त्या कोपऱ्यात, आणि आश्विनात ती फटींना पुरेल का, असे आईने मला आत्तापर्यंत दोनदा विचारले आहे.